बरणीचा वास

खामगावच्या उन्हाळ्यात आमच्या घरी ज्वारीची आंबील रोज असते. ८२ वर्षांच्या सासूबाईंना चावणे जड जाते; दुपारची वाटीभर आंबील हाच त्यांचा मोठा आधार. गेल्या वैशाखात त्यांनी ती एकाएकी सोडली. “बरणीले वास येते वं,” एवढेच म्हणत. मला वास आला नाही. वयाबरोबर नाक मंदावते हे वाचलेले होते. म्हणून दोष मी त्यांच्या नाकाला दिला. आठवडाभरात त्या उतरल्या, तेव्हा कुठे मी बरणी उजेडात धरली. तळाशी बुळबुळीत थर होता. त्या अरुंद तोंडातून माझा हात तिथवर कधी पोहोचलाच नव्हता.

आंबवणाच्या भांड्यात पिठाचे कण आणि सूक्ष्मजीव मिळून असा थर धरतात. तो विसळून निघत नाही. घरी बिअर आंबवणारे हौशी लोक अशा भांड्यांसाठी सोडियम परकार्बोनेट वापरतात. पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा चिकटा सैल करतो, पेरॉक्साइडमधून सुटणारा ऑक्सिजन डाग आणि वास घालवतो. सुगंध नसलेली शुद्ध पावडर घ्यावी. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर घालून अर्धा तास ठेवावी. मग तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन बरणी उन्हात पालथी घालावी.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. हातमोजे घालावेत. द्रावण भरलेल्या भांड्याचे झाकण कधीही लावू नये. आत वायूचा दाब वाढतो. ब्लीचिंग पावडर किंवा अन्य स्वच्छक त्यात मिसळू नये. ॲल्युमिनियमची भांडी, आणि आपल्या रजतनगरीतली चांदीची वाटीही, यापासून दूर ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही पावडर मीठ-साखरेसारखी दिसते. मंद दृष्टीची माणसे घरात असताना ती स्वयंपाकघरातल्या डब्यात काढू नये. मूळ वेष्टनातच, वेगळ्या कपाटात ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बरणी हुंगली आणि वाटी पुढे केली. वृद्ध माणसाने अन्न नाकारले, तर वयाला दोष देण्याआधी एकदा भांडे उजेडात धरून पाहा.