सातवा दिवस

भावाला पहिला मुलगा झाला. कानात अजान दिली गेली आणि मग आम्ही सगळे बाळाला निरखू लागलो. डोके लांबट, पाठीवर बारीक लव, नाकावर पांढरे ठिपके. कमरेखाली निळसर डाग पाहून अम्मी घाबरल्या, "कुणाच्या हातून पडला तर नाही ना?" डॉक्टर हसले. असा डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो, काही वर्षांत फिका पडतो. जन्मताना कवटीची हाडे एकमेकांवर सरकतात म्हणून डोके लांबते. तेही काही दिवसांत गोल होते. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, हेही त्यांनीच सांगितले.

छातीबद्दल विचारायचे आम्हांला सुचलेच नाही.

चौथ्या दिवशी बाळाची छाती फुगली. दोन्हीकडे सुपारीएवढी गाठ आणि दुधासारखा थेंब. मुलाच्या छातीला दूध! मालिशला येणाऱ्या खाला म्हणाल्या, "पिळून काढले नाही तर गाठ राहते." त्यांनी दाबले. बाळ किंचाळले. आम्ही दोघे नवरा-बायको बी.एड. झालेले, पेशाने शिक्षक; मनात शंका आली, तरी उभे राहून पाहत राहिलो. वडीलधाऱ्या बाईला कसे थांबवायचे? भरल्या वर्गाला गप्प करणारा आमचा आवाज त्या दिवशी घशातच राहिला.

सहाव्या दिवशी डावी बाजू लाल झाली, अंग तापले, बाळ दूध ओढेना. दवाखान्यात कळले, आत पू झाला आहे. छोटा छेद द्यावा लागला, शिरेतून औषधे सुरू झाली. आईच्या शरीरातले संप्रेरक वारेतून बाळात उतरतात, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, छाती फुगू शकते. हात लावला नाही तर काही आठवड्यांत आपोआप बसते. डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत सांगितले.

सातवा दिवस, अकीक्याचा, तिथेच गेला. भाभी वाटीत दूध काढून देत होत्या. अम्मींच्या हातातली तसबीह थांबत नव्हती. संध्याकाळी खाला आल्या, बाकावर बसून रडल्या. "इतकी वर्षं हेच करत आले, बेटा. कुणी सांगितलंच नाही."

आम्हीही सांगितले नव्हते.

अलहम्दुलिल्लाह, बाळ बरे होऊन घरी आले. एकविसाव्या दिवशी अकीका केला. बाळाला आंघोळ घालायला भाभींनी खालांनाच बोलावले. छातीपाशी त्यांचा हात थांबला, त्यांनी आमच्याकडे पाहिले.

"नुसतं पाणी घाला, खाला," आम्ही म्हणालो.