दोरावरचा दुसरा

मॉरिस हर्झोगने ‘अन्नपूर्णा’ हे पुस्तक हाताने लिहिलं नाही. लिहायला बोटं उरली नव्हती. पॅरिसला लागून असलेल्या न्यूयीमधल्या अमेरिकन हॉस्पिटलात खाटेवर पडून त्याने ते सांगितलं, कुणीतरी उतरवून घेतलं आणि १९५१ साली ते छापून आलं. पुढे जगभर त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. आठ हजार मीटरच्या वरची शिखरं जगात चौदा. त्यातल्या पहिल्यावर माणूस पोचला त्याची ही कहाणी. तारीख ३ जून १९५०, उंची ८०९१ मीटर, सोबत कृत्रिम प्राणवायू नाही. आणि डोंगराला जायचं कुठून, हेही आधी धड माहीत नाही.

पुस्तकातला हा वाट शोधण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो. नेपाळने परक्यांना नुकतंच दार उघडलं होतं. हर्झोगच्या नेतृत्वाखालच्या फ्रेंच मोहिमेचा तळ काली गंडकीच्या काठी तुकुचे गावात पडला. जिच्यातले शाळिग्राम आपल्याकडे देवघरात पुजले जातात, तीच ही नदी. आधी धौलागिरीला हात लावून पाहिला, तो काही दाद देईना. मग अन्नपूर्णेचा शोध सुरू झाला, तर नकाशाच चुकीचा निघाला. कागदावर खिंड आहे तिथे प्रत्यक्षात भिंत. एप्रिल गेला, निम्मा मे गेला, पावसाळा येऊन ठेपला आणि मंडळी अजून डोंगराचा पायथाच धुंडाळतायत! करवंदीच्या जाळीत वाट हरवून भर उन्हात परत फिरलेल्या कुठल्याही सह्याद्रीकराला ही पानं घरच्यासारखी वाटतील.

पुढे मात्र हसू मावळतं. २ जूनला शेवटच्या कॅम्पवर हर्झोगने शेर्पांचा सरदार आंग थार्के याला शिखरावर बरोबर चलण्याचं निमंत्रण दिलं. आंग थार्के नम्रपणे नाही म्हणाला. त्याचे पाय गार पडायला लागले होते. तो खाली उतरला आणि त्याचे पाय शाबूत राहिले. हर्झोग ही गोष्ट चार ओळींत सांगून पुढे जातो. मला वाटतं, त्या डोंगरावरचा सगळ्यात शहाणा निर्णय त्या चार ओळींत आहे.

दुसऱ्या दिवशी हर्झोगबरोबर दोरावर होता लुई लाशनाल. वय अठ्ठावीस, शामोनीचा धंदेवाईक गाइड. पाय हीच त्याची रोजीरोटी. वर जाताना पायांची जाणीव जाऊ लागली तेव्हा त्याने हर्झोगला विचारलं, मी मागे फिरलो तर तू काय करशील? हर्झोग म्हणाला, एकटा जाईन. मग लाशनालही पुढे चालू लागला. हर्झोगच्या पुस्तकात हा बंधुभावाचा क्षण आहे. दुपारी दोनच्या सुमाराला दोघं माथ्यावर पोचले. हर्झोग आनंदाच्या एका वेगळ्याच मुलखात हरवलेला, आइस अ‍ॅक्सला तिरंगी फ्रेंच झेंडा बांधून फोटो काढून घेतोय; आणि लाशनाल त्याला खाली चल म्हणून अक्षरशः हाकलतोय.

उतरताना हर्झोग सॅक उघडण्यासाठी थांबला. त्यासाठी हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत निघाले. तो नुसता पाहत राहिला. सॅकमध्ये जादा पायमोजे होते. ते हातात चढवले असते तर बोटं वाचली असती, पण विरळ हवेत थिजलेल्या डोक्याला एवढं साधं सुचलं नाही. हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. शिखराच्या वर्णनातली दिव्य भाषा कधीकधी अंगावर येते. हा मोज्यांचा प्रसंग मात्र शंभर टक्के खरा वाटतो.

खाली कॅम्पवर लिओनेल तेरे आणि गास्तों रेब्युफा आले होते, दुसऱ्या दिवशी स्वतः शिखर गाठायच्या तयारीने. अभिनंदन करायला तेरेने हर्झोगचा हात हातात घेतला, तर तो लाकडासारखा कडक. शिखराचा विषय तिथेच संपला. दोघं रात्रभर हर्झोग आणि लाशनाल यांच्या हातापायांवर दोरीने सपकारे मारत बसले, रक्त परत फिरावं म्हणून. सकाळी लाशनालचे सुजलेले पाय बुटांत जाईनात. तेरेने आपले मोठे बूट त्याला दिले आणि त्याचे लहान बूट चिरून स्वतः घातले. या पुस्तकात नायक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्या चिरलेल्या बुटांकडे बोट दाखवीन.

त्या दिवशी वादळात वाट चुकली. रात्र हिमभेगेच्या पोटात, चौघांत एका स्लीपिंग बॅगवर काढली. पहाटे वरून बर्फ कोसळला आणि त्यात बूट गाडले गेले. तेरे आणि रेब्युफा यांचे डोळे बर्फाच्या तिरिपेने गेलेले, उरलेल्या दोघांना चालता येत नव्हतं.

कसेबसे खाली पोचल्यावर पुढचा प्रवास हमालांच्या पाठीवरून. डॉक्टर झाक उदो रक्तवाहिन्यांत इंजेक्शनं देतोय, हर्झोग किंचाळतोय, बाहेर पाऊस कोसळतोय. शेवटी आपल्या गोरखपूरच्या बाजूला, जुलैच्या उकाड्यात, आगगाडीच्या डब्यात सडलेली बोटं कापली गेली आणि केरासारखी दाराबाहेर लोटली गेली. फलाटावरचे लोक डोळे फाडून पाहत राहिले. आपल्या लोकांनी या विजयाचं घेतलेलं हे दर्शन!

आता दुसरी बाजू. निघण्यापूर्वी पॅरिसमध्ये सगळ्यांनी नेत्याची आज्ञा पाळण्याची शपथ घेतली होती आणि पाच वर्षं मोहिमेवर काहीही छापणार नाही असा करार केला होता. त्यामुळे पाच वर्षं फक्त हर्झोगचा आवाज ऐकू आला. लाशनालने आपली हकीगत लिहून ठेवली होती. ती प्रसिद्ध होण्याआधीच, नोव्हेंबर १९५५ मध्ये, स्कीइंग करताना तो हिमभेगेत पडून गेला. १९५६ साली पुस्तक निघालं, पण त्यावर हर्झोगच्या भावाची, जेरारची कात्री चाललेली होती. न कापलेली हकीगत वाचकांना मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. त्यात लाशनालचं म्हणणं साधं आहे: हर्झोग एकटा गेला असता तर परत आला नसता, म्हणून मी गेलो. देशाची इभ्रत वगैरे नाही. दोरावरचा जोडीदार, एवढंच.

यावरून हर्झोगला खोटारडा ठरवण्याची फॅशन मधे येऊन गेली. मला ते पटत नाही. तो मंत्री झाला, शामोनीचा महापौर झाला, त्र्याण्णव वर्षं जगला; लाशनाल पायाची सगळी बोटं गमावून, कापलेल्या पायांनी पुन्हा चढायची धडपड करत चौतिसाव्या वर्षी गेला. हिशेब विषम आहे खराच. पण त्या माथ्यावर हर्झोगला झालेला आनंद खोटा नव्हता. एकाच्या सुखाची किंमत दुसऱ्याने भरली, आणि पावती पुस्तकातून गळली. आंग थार्केच्याही आठवणी १९५४ साली फ्रेंचमध्ये आल्या, त्याही दुसऱ्याला सांगून लिहवलेल्या. तिन्ही पुस्तकं एकत्र ठेवली की एक डोंगर पुरा होतो.

एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक अन्नपूर्णेवर पोचले, साताऱ्याची प्रियांका मोहितेही पोचली. मराठीत आता हिमालयावरची पुस्तकं नेमाने येतात, बहुतेक नेत्याची किंवा शिखरावर पोचलेल्याची. माझी विनंती बाकीच्यांना आहे. कॅम्पवर दुसऱ्याचे पाय चोळत रात्र काढणाऱ्याने, पाय गार पडले म्हणून मुकाट परत फिरलेल्याने, फोटो काढला म्हणून फोटोत नसलेल्याने लिहावं. आणि अशी वही हाती आलीच तर संपादकांनी शुद्धलेखन तेवढं तपासावं, बाकी काही कापू नये.