भूत कुणाच्याही मालकीचं नसावं

फ्रॉस्टग्रेव्हमध्ये माझा मित्र नेहमी मढी उठवणारा मांत्रिक घेतो. डाव मांडण्याआधीच मंत्र साधून त्याने एक झाँबी उभा केलेला असतो. ती मूर्ती मीच रंगवून दिली आहे. सडकी हिरवट कातडी, उघडी बरगडी, हनुवटीवर वाळलेलं रक्त. तरी त्या झाँबीची मला कधी भीती वाटलेली नाही. त्याला गल्लीच्या तोंडाशी आडवा उभा करायचा, माझ्या तलवारबाजाचे वार त्याच्यावर झेलायचे आणि मागून आपली माणसं खजिन्यासकट पसार करायची, एवढंच त्याचं काम. मित्र त्याला कौतुकाने ‘आमचा माणूस’ म्हणतो. उलट टेबलाच्या कडेने अवचित एखादा सांगाडा आत आला, की आम्ही दोघेही खुर्चीत पुढे सरकतो. वास्तविक सांगाडा हा नियमांच्या हिशेबात अगदी किरकोळ प्राणी. झाँबीची प्राणशक्ती ६, सांगाड्याची १. एक वार नीट बसला की खेळ खलास. तरी धास्ती त्याचीच.

कारण रंगात नाही, मूर्तीच्या घडणीतही नाही. झाँबी मित्राचा आहे आणि सांगाडा कुणाचाच नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जोसेफ मॅककुलो यांनी लिहिलेला हा खेळ ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने २०१५ साली काढला, सुधारित दुसरी आवृत्ती २०२० साली आली. फेलस्टॅड नावाचं एक जुनं मांत्रिकांचं शहर हजार वर्षांपूर्वी जादूच्या हिमवादळात गाडलं गेलं. आता बर्फ वितळतोय आणि ठिकठिकाणचे मांत्रिक भाडोत्री टोळ्या घेऊन तिथल्या पोथ्या आणि सोनं लुटायला निघाले आहेत. एक मांत्रिक, त्याचा एक शिष्य आणि फार तर ८ गडी, एवढीच एका बाजूची फौज. जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या, साधारण २८ मिलिमीटरच्या या मूर्ती. तीन फूट बाय तीन फुटांचं टेबल. इंचांची टेप आणि वीस बाजूंचा फासा. एकेक डाव सुटा खेळता येतो. पण खरी मजा मोहिमेत आहे. म्हणजे एका डावातले जखमी, मेलेले, श्रीमंत झालेले पुढच्या डावात तसेच उतरतात. आम्ही ‘थॉ ऑफ द लिच लॉर्ड’ ही दहा प्रसंगांची मोहीम खेळतो. तिच्यात शहराबरोबर एक जुना, मेलेला पण न संपलेला मांत्रिकही जागा होतोय.

दोन मित्रांनी भुताखेतांचा खेळ मांडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो हा, की भूत कोण खेळणार? लुटूपुटीच्या लढाईच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली. प्रशियाच्या रायस्वित्झने १८२४ साली आपल्या सैन्याधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ रचला, त्यात दोन्ही पक्षांच्या वर एक पंच होता. कुणाला काय दिसलं आणि कुणाचं काय झालं ते तोच सांगायचा. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, त्यात दिवाणखान्याच्या जमिनीवर शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा होत्या, भुतं नव्हती. पुढे अमेरिकेत १९७१ च्या ‘चेनमेल’ला जादू आणि राक्षसांची पुरवणी जोडली गेली, त्यातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं, आणि पंच पुन्हा आला. सगळी भुतं त्याच्या अखत्यारीत. आमच्याकडे पंचाची खुर्ची रिकामी आहे. पुण्यात शनिवारी संध्याकाळी असल्या खेळासाठी एक माणूस जमतो हेच नशीब, तिसरा आणायचा कुठून?

फ्रॉस्टग्रेव्हने ती खुर्ची कागदाला दिली. प्रत्येक फेरीच्या शेवटी प्राण्यांची पाळी येते. ठरावीक अंतरात कुणी नजरेच्या टप्प्यात असेल, तर प्राणी त्याच्याकडे चालतो. कुणीच दिसत नसेल, तर फासा सांगेल तिकडे भरकटतो. खजिना उचलला की आणखी काहीतरी आत येण्याची शक्यता असते, आणि ते कुठल्या कडेने येईल हेही फासाच ठरवतो. बस. त्यात डावपेच नाही, सूड नाही. माझा हात सांगाड्याला उचलून पुढे ठेवतो, पण तो हात त्या वेळी माझा नसतो. मला ही रचना फार हुशारीची वाटते. मित्राने माझ्यावर चाल केली तर मी त्याचा चेहरा वाचू शकतो, आमची जुनी ओळख आहे. सांगाड्याचा चेहरा वाचून उपयोग काय?

फाशाबद्दलही एक तक्रारवजा कौतुक. दोन साधे फासे टाकले तर ७ वारंवार पडतो, टोकाचे २ आणि १२ क्वचित. वीस बाजूंच्या एकट्या फाशाला असं मधलं काही नसतं. १ पडण्याची शक्यता ५ टक्के, २० ची ५ टक्के, आणि १० ची किंवा ११ चीही प्रत्येकी तेवढीच. झटापटीत दोघांनी फासा टाकायचा, त्यात आपापलं लढाईचं बळ मिळवायचं, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. त्याच्या बेरजेतून हरलेल्याचं चिलखत वजा केलं की उरतो तो घाव. आता +२ बळाच्या फुकट्या गुंडाने १८ टाकले की बेरीज २०. मांत्रिकाचं चिलखत १०. म्हणजे एका फटक्यात १४ पैकी १० प्राणशक्ती गेली. जुने वॉरगेमर यावर नाक मुरडतात, इतकी उलथापालथ त्यांना पोरकट वाटते. घोडदळाच्या लढाईत मलाही वाटली असती. पण जिथे मेलेली माणसं चालतात तिथे अनुभवी माणसाचा अनुभव कामी येऊ नये, हे बरोबरच आहे.

मोहिमेची एक वही असते आणि ती माझ्याकडे आहे. डाव संपल्यावर पडलेल्या प्रत्येक गड्यासाठी फासा टाकायचा. १ ते ४ पडले तर मेला, ५ ते ८ तर जबर जखमी, त्याहून जास्त पडले तर वाचला. मांत्रिकाचं गणित थोडं सैल आहे, पण त्याला कायमची अपंगत्वं येतात. डोळा जातो, पायाची बोटं जातात आणि चाल कायमची मंदावते. मित्र गड्यांना नावं देतो, आणि तीही त्याच्या सावंतवाडीकडची. त्याच्या टोळीत बाबल्या नावाचा चोर होता. दुसऱ्या आवृत्तीत चोर आणि गुंड फुकट मिळतात, म्हणजे बाबल्या मेला तर सोन्याचा तोटा शून्य, पुढच्या डावाला दुसरा चोर हजर. तरी बाबल्यासाठीचा फासा मित्राने मुठीत बराच वेळ खुळखुळवला. ३ पडले. मी वहीत रेघ मारली आणि तो म्हणाला, ‘अरे, निदान कुठे मेला ते तरी लिही.’ तेव्हापासून आम्ही जागा लिहितो. तीच मूर्ती दुसऱ्या नावाने परत उतरवायला तो तयार नव्हता. शेवटी बाबल्याला आडवा करून एका पडक्या देवडीत बर्फाखाली चिकटवला. आता तो टेरेनचा, म्हणजे टेबलावरच्या पडक्या भिंती-देखाव्याचा, भाग आहे आणि त्याच्या आडोशाने धनुर्धारी बसतात.

टेरेन पाहून पाहुणे हमखास म्हणतात, ‘हे म्हणजे दिवाळीचा किल्लाच की!’ हात तिथेच तयार झाला हे खरं. पण किल्ला लांबून सगळा दिसावा म्हणून रचतात, वरून खालपर्यंत, प्रत्येक मावळा दिसेल असा. इथे दिसू नये म्हणून रचायचं असतं. धनुष्याचा पल्ला २४ इंच आणि टेबल ३६ इंचांचं. मोकळं टेबल ठेवलं तर दोन धनुर्धारी सगळा खेळ मारून टाकतील आणि भूत येण्याआधीच माणसं संपतील. म्हणून भिंती दाट हव्यात, उंच हव्यात, आणि त्यांत खिडक्या कमी. टेबलाशी डोळे टेकवून मूर्तीच्या उंचीवरून पाहायचं. समोर फूटभर मोकळं दिसलं, की तिथे एक खांब अजून उभा करायचा. कोपऱ्यापलीकडे काय आहे हे मला वरून दिसत असतं, माझ्या गड्याला नसतं, आणि ते अंतर मनाने भरून काढायला एक-दोन फेऱ्या जातात. मग आपणही कोपऱ्याआड डोकावल्यासारखे मान वाकडी करतो.

सामानाचं म्हणाल तर सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, आणि आमच्या कामाला तो तसाही भुसभुशीत. दाट फोमचे तुकडे कापून बॉलपेनने त्यावर दगडांच्या रेघा ओढल्या की भिंत होते. स्प्रेचा रंग थेट मारू नये, फोम विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि काळ्या रंगाचा हात द्यावा. बर्फासाठी बरेच जण खाण्याचा सोडा वापरतात. सुरुवातीला तो झकास दिसतो, पण गोंदात काही काळाने पिवळा पडतो, आणि पिवळ्या बर्फाकडे पाहून जे सुचतं ते फेलस्टॅडला शोभत नाही. पांढऱ्या रांगोळीची दगडी भुकटी, फेव्हिकॉल आणि पांढरा ॲक्रिलिक यांचा लगदा पिवळा पडत नाही, आणि जुन्या चमच्याने हवा तसा थापता येतो. पावसाळ्यात मात्र प्रायमरचा डबा कपाटात ठेवावा. दमट हवेत मारलेला स्प्रे मूर्तीवर धुरकट, खरखरीत बसतो.

भूत रंगवताना जिवंत माणसाचा नियम उलटा करावा लागतो. माणसाच्या अंगावरच्या कपड्याच्या चुण्या खोलात गडद आणि उंचवट्यावर उजळ, कारण उजेड बाहेरून येतो. पिशाचाला आतून उजेड हवा. म्हणून खोल चुण्यांत पांढरट, फिकट हिरवा पातळ रंग सोडायचा आणि कडा गडद ठेवायच्या. पहिल्यांदा करताना हात ऐकत नाही, जुनी सवय कडेवर पांढरा ओढायला जाते. तरीही ही सगळी करामत डाव सुरू होईपर्यंतचीच. कुणाच्या हुकमाने चालणारं सुंदर पिशाच आणि फाशाने भरकटणारं ओबडधोबड पिशाच यांत मी दुसरं टेबलावर ठेवीन.

हेच सूत्र आम्हाला आमचा स्वतःचा नियम लिहिताना उपयोगी पडलं. मित्राच्या आजीच्या गोष्टींत चकवा यायचा. रात्री घरी निघालेला माणूस चालतोय चालतोय आणि पुन्हा त्याच आंब्याखाली. चकवा मारत नाही, फक्त वेळ खातो. आम्हाला तो फेलस्टॅडच्या धुक्यात हवा होता, कारण या खेळात खजिना उचललेल्या गड्याची चाल निम्मी होते आणि वेळ जाणं रक्त जाण्याइतकंच महाग पडतं. नियम असा केला: धुक्याच्या खुणेपासून ६ इंचांच्या आत पाळी सुरू करणाऱ्याने निर्धाराचा फासा टाकायचा. १४ गाठले नाहीत, तर त्याची पावलं त्याची राहिली नाहीत. मग ती कुणाची? मित्र म्हणाला, ‘समोरच्याने चालवावं, मजा येईल.’ मला ते नको होतं. त्याने माझ्या शिष्याला मुद्दाम कड्याकडे नेलं असतं, मी त्याच्यावर चिडलो असतो, आणि चकवा म्हणजे मित्राचीच एक खोडी ठरली असती. आम्ही दिशा फाशाकडे दिली. वीसबाजूंच्या फाशाचं वरचं तोंड त्रिकोणी असतं, त्यावरच्या आकड्याचा माथा जिकडे, तिकडे गडी चालणार. असं चालून एकदा माझा शिष्य बरोब्बर निघाला होता तिथेच परत आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही, मग मित्रच म्हणाला, ‘आजी खोटं नव्हती सांगत.’

दोघांच्या मोहिमेत आणखी एक धोका असतो. जिंकणारा श्रीमंत होतो, श्रीमंत पुन्हा जिंकतो, आणि हरणाऱ्याला शनिवारी अचानक कामं निघतात. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये मंत्र साधल्याचाही अनुभव जमा होतो, खजिना घेऊन निसटता येतं, त्यामुळे हरलेला अगदी रिकाम्या हाताने जात नाही. वर आमचा ठराव असा, की मागे पडलेल्याने टेबलाची बाजू निवडायची. पण खरा तोल भूतच सांभाळतं. पोलादाने ज्याला इजा होत नाही असं काही आत आलं, की परवा एकमेकांचे गळे कापणाऱ्या आमच्या टोळ्या खांद्याला खांदा लावतात. या तहाचा नियम कुठे नाही, तो आम्ही कधी तोंडाने बोलतही नाही. आणि धोका टळल्या क्षणी तह आधी कोण मोडतो, हे बघण्यासारखं असतं. याच लेखकाचा ‘रेंजर्स ऑफ शॅडो डीप’ हा २०१८ चा खेळ दोघांनी एकाच बाजूने खेळायचा आहे. मित्राला तो पुढे घ्यायचाय. मी टाळतोय. तिथे तह आधीच झालेला असतो.

सध्या आमचा वाद कुत्र्यांवरून आहे. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये शिकारी कुत्रे विकत घेता येतात, स्वस्त असतात, खजिना मात्र उचलू शकत नाहीत. मित्राचं म्हणणं, कुत्र्याला चकवा लागत नाही. गावाकडे सगळ्यांना माहीत आहे, कुत्रं सोबत असलं की माणूस घरी पोचतो. म्हणून कुत्र्याशेजारच्या गड्याला निर्धाराचा फासा माफ असावा. मी म्हणतो, असं केलं तर चकवा म्हणजे नुसता कुत्रे विकत घ्यायचा खर्च झाला. ‘बरं, राहू दे नियम,’ तो म्हणाला. पण त्याच्या बाल्कनीत चार कुत्रे प्रायमर मारून वाळत ठेवलेले मी पाहिलेत, आणि तपकिरी रंगाची बाटली त्याने माझ्याकडून आधीच नेली आहे.