बसलेला बैल

नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचं लेणं आहे. मुरबाडच्या बाजूनं, वैशाखऱ्याहून चढून आलेला माणूस दम खायला तिथंच टेकतो. आतल्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं ब्राह्मी अक्षरांत टिकून राहिली. मूर्ती मात्र फुटल्या, झिजल्या, आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. मला त्या खुणा कधी अपुऱ्या वाटल्या नाहीत. पाहता पाहता मन त्यांच्यावर पोटऱ्या चढवतं, गुडघे चढवतं, वस्त्राची चूण पाडतं. अख्खी नागनिका समोर असती तर मी तिला नमस्कार करून पुढं गेलो असतो.

या पावलांपाशी मला शिल्पकार रोदँ आठवतो. तरुणपणी, १८६३-६४ च्या सुमारास, तो पॅरिसमध्ये बिबी नावाच्या गरीब, पडेल ते काम करणाऱ्या माणसाचं डोकं मातीत घडवत होता. बिबीचं नाक मोडलेलं होतं. स्टुडिओत ऊब ठेवायला पैसे नव्हते. थंडीनं ओली माती गोठली आणि डोक्याची मागची बाजू निखळून पडली. हातात राहिला फक्त चेहरा. दुसऱ्या कुणी माती परत कालवली असती. रोदँनं तो मुखवटाच पुरं शिल्प मानला आणि सालोंच्या प्रदर्शनाला पाठवला. तिथं तो नाकारला गेला. पुढं १८७५ मध्ये डोकं नीट पुरं करून, संगमरवरात उतरवलेला बिबी मात्र त्याच सालोंनं आत घेतला! पण रोदँची वाट ठरली ती फुटलेल्या बिबीमुळं. त्याचा ‘चालणारा माणूस’ पाहा. डोकं नाही, हात नाहीत, धडाच्या मातीला पडलेल्या भेगासुद्धा त्यानं तशाच ओतून घेतल्या. आणि तो माणूस चालतो, असा की त्याला डोकं हवं होतं याची आठवणही होत नाही.

आपल्याकडं शिल्पाला काळा दगड, आणि त्याच्या पोटात आधीच अपघात दडलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. पुढं झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक भरले. मुरबाडच्या डोंगरात फिरताना असे पांढरे डोळे दगडादगडांत दिसतात. म्हणून पाथरवट दगड आधी वाजवून पाहतो. तरी सगळंच नादातून कळत नाही. छिन्नी काळ्यातून सरळ चाललेली असते, मध्येच पांढऱ्यात घुसते आणि टवका उडतो. पाटा-वरवंटा असेल तर फारसं बिघडत नाही. मूर्तीच्या नाकाचा शेंडाच उडाला, तर दगडाला दगड जोडता येत नाही. मग सगळा चेहरा बोटभर आत घ्यावा लागतो. नाक आत गेलं की गाल आत, कान आत, मान बारीक, खांदे उतरते. मनात आखलेला दणकट देव उभा राहतो तेव्हा सडपातळ झालेला असतो, थोडा विचारात पडलेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो, तेव्हा सगळे घाव नेमके बसले असंच धरून चालतो. मला तर वाटतं, आपण ज्यांच्यासमोर हात जोडतो त्यातल्या कितीतरी चेहऱ्यांवरची कोवळीक एखाद्या चुकल्या घावाची देणगी असेल.

मायकेलअँजेलोचं शेवटचं शिल्प मिलानमध्ये आहे. १५६४ साली मरण येईपर्यंत तो त्यावर काम करत होता. पहिली घडण मोडून त्यानं ख्रिस्त मागं, मेरीच्या अंगात ढकलला. पण आधीच्या ख्रिस्ताचा एक हात, तुळतुळीत घासलेला, बाजूला सुटाच राहिला. आधीचं सगळं त्याला पुसायचं नव्हतं, किंवा पुसायला वेळ नव्हता. आज त्या हाताशिवाय ते शिल्प मनात येत नाही.

लाकडाचं आणखी निराळं. शहापूरच्या जंगलपट्टीतल्या एका पाड्यावर लाकडात कोरलेला वाघोबा मी पाहिला, शेंदरानं माखलेला. पाठीच्या मध्यावर सागाची गाठ आली होती आणि वाघाची पाठ तिला वळसा घालून वर उचललेली. वाघ दबा धरून बसल्यासारखा झाला होता.

सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या घरात गणपती घडवले जात. पुढं त्यांनी सिमेंटमध्ये माणसं, जनावरं उभी केली. शाडू क्षमा करतो, उद्यापर्यंत थांबतो. सिमेंट काही तासांत घट्ट होतं, तेवढ्या वेळात जे हातून होईल ते पदरात घ्यावं लागतं. सासवण्याच्या शिल्पांमधला जिवंतपणा मला या घाईतूनही आलेला वाटतो.

भाद्रपदाआधी आता बाजारात साच्यातल्या मूर्ती ओळीनं लागतात. कारागिरांना मी बोल लावणार नाही. मोसम चार महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचं. पण साच्याला चूक करता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाचशेवी मूर्ती पहिलीसारखीच निघते. मधल्या चारशे अठ्ठ्याण्णवांत हाताला नवं काही सापडायला जागाच नसते. आमच्याकडच्या आश्रमशाळांत मातीचा एक तास असावा आणि त्या तासाला समोर नमुना ठेवू नये, एवढं मला फार वाटतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुरबाडकडच्या एका वाडीत मुलं शेतातल्या चिखलाचे बैल करत होती. एका पोरीच्या बैलाचे पाय वशिंडाच्या भारानं खचले. तिनं दोनदा उभा केला, दोनदा तो बसला. मग तिनंच पाय पोटाखाली दुमडले, मान थोडी वळवली, आणि बैल रवंथ करायला लागला. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघांनी मुद्दाम बसलेले बैल केले, आणि तिसरीनं आपल्या बैलाची गाय करून तिच्या कुशीत वासरू दिलं.