सीताफळाचे डोळे

पुणेकराला सीताफळ म्हटले की सासवड आठवते. मलाही तेच आठवायचे, आणि एकदा मी ते माझ्या मामेभावासमोर बोलून गेलो. मामेभाऊ धारूर तालुक्यातला, म्हणजे बीड जिल्ह्यातला. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तो रागावला नाही. नुसते म्हणाला, "एकदा हंगामात ये."

या बोलण्याला बारा वर्षे झाली. सीताफळाचा हंगाम दसरा-दिवाळीत, आणि बँकेतल्या माणसाची रजा दसरा-दिवाळीत कधी मंजूर होत नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि सबब संपली. निघताना सौ.ने बजावले, "येताना फळे आणा, पण पिकलेली आणू नका. त्या आंब्यांसारखे व्हायला नको." आंब्यांची हकीकत इथे सांगण्याचे कारण नाही.

बीडहून धारूरकडे जाताना बालाघाटाचे डोंगर लागतात. डोंगर म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे हिरवे दृश्य येते ते इथे शोधू नये. खडक, मुरूम, मधूनच पिवळे पडलेले गवत, आणि त्यात जिकडेतिकडे सीताफळाची झाडे. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घातलेले नाही. शेळी जगातले सारे खाते, पण सीताफळाचा पाला खात नाही. म्हणून उघड्या डोंगरावर हे झाड कुंपणावाचून टिकते. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट मामा सांगायचे. विहिरीने तळ दाखवला, गुरे विकली, पण बांधावरची सीताफळे पुढल्या पावसाला पुन्हा फुटली. मामांनी तेव्हाच ठरवले की आपल्या मुरमाड रानात दुसरे काही लावायचे नाही. गाव त्यांना हसले. पुढे अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र झाले, तिथून 'धारूर-६' नावाचा वाण निघाला, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते पाहायला मामा राहिले नव्हते.

या फळाचा स्वभाव मोठा विक्षिप्त. दादाचा मुलगा शेतकी पदवीधर आहे, त्याने मला फूल उघडून दाखवले. एकाच फुलात नवरी आणि नवरा, पण नवरी आधी बोहल्यावर उभी राहते आणि नवरा तयार होईपर्यंत तिचा मुहूर्त टळून गेलेला असतो. मग दुसऱ्या फुलातला पराग एखादा बारकासा भुंगेरा घेऊन आला तर फळ धरणार. नावाचीही गंमत पाहा. सीताफळ दिवाळीत, तर रामफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी. एका हंगामात दोघांची भेट म्हणून नाही. ज्याने रामायण ऐकले आहे त्याला याचे नवल वाटू नये. शास्त्रज्ञ म्हणतात, हे फळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. मी हे वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "असंल. वनवासात माणूस कुठंबी जातं."

वहिनी माळकरी आहेत. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि आवाज असा की बांधाच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाने काम सोडून ऐकावे. दादा नावाचा मालक, हंगाम वहिनींचा.

हंगाम म्हणजे घाई. फळ तयार झाले हे रंगावरून कळत नाही, डोळ्यांवरून कळते. सीताफळाच्या अंगावर जे खवले असतात त्यांना तिकडे डोळे म्हणतात. हे डोळे एकमेकांना चिकटलेले असतील तर फळ कच्चे. त्यांच्या मधली रेघ रुंदावून पिवळसर-पांढरी दिसू लागली, की डोळे उघडले. ते फळ त्याच दिवशी तोडायचे. एक दिवस आधी तोडले तर ते दगडासारखे काळे पडते, पिकत नाही. एक दिवस उशीर केला तर झाडावरच उकलते आणि पाखरे बोलावते. तोडल्यावर तीन-चार दिवस, फार तर पाच. पिकलेले फळ मुंबईला धाडायचे म्हणजे वाटेत त्याची खीर. म्हणून दादाने घरामागे पत्र्याची शेड घातली आहे आणि तिथे ही मंडळी गर काढतात.

मी पहिल्या दिवशी तोडणीला गेलो आणि टोपलीभर फळे मोठ्या ऐटीत आणून ठेवली. शेडच्या दारात एक अकरा वर्षांची मुलगी फळे निवडत बसली होती. तिने माझी टोपली पालथी केली आणि एका क्षणात दोन ढीग केले. "ह्यांचे डोळे उघडलेत. ह्यांचे नाहीत." दुसरा ढीग मोठा होता. "काका, तुम्ही चष्मा लावून तोडा की," असेही ती म्हणाली. मी चष्मा लावूनच तोडली होती.

तिची आई आत गर काढत होती. दहा-बारा बाया दोन रांगांत बसलेल्या, समोर पातेली, हातात चमचे. फळ दोन्ही अंगठ्यांनी उकलायचे, सालीला लागलेला रवाळ थर न खरवडता मधला गर तेवढा उचलायचा, आणि बिया चाळणीवर अशा घोळायच्या की गराची पाकळी मोडू नये. बोलणे, हसणे, एकमेकींच्या सासूची उणीदुणी, सारे चालू; हात मात्र घड्याळासारखे. घड्याळासारखे चालावेच लागतात. गर उघडा राहिला की थोड्याच वेळात लाल-तपकिरी पडू लागतो. आंब्याचा रस आटवता येतो, पेरूची जेली होते. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून बासुंदीतसुद्धा दूध आटवून, गार करून मगच तो घालतात. त्याला एकच उपाय, थंडी. उणे अठरा अंशांवर गोठवला तर पुढची आठ-दहा महिने लग्नकार्यांना आणि आइस्क्रीमवाल्यांना पुरतो. शेडमध्ये तीन डीप फ्रीझर होते. दादाचा सारा संसार त्या तीन पांढऱ्या पेट्यांत होता, असे म्हटले तरी चालेल.

संध्याकाळी ओसरीवर पुतण्याने मला आपली योजना सांगितली. नाशिककडे द्राक्षांची वाइन होते, २००१ साली सरकारने त्यासाठी धोरण आणले, शेतकऱ्यांच्या पोरांनी कारखाने काढले. मग सीताफळाची वाइन का होऊ नये? गरात साखर भरपूर, आंबवायला वेळ लागत नाही, नासाडी टळेल. तो हिशेब मांडत होता आणि मला पटतही होते. इतक्यात आतून आवाज आला.

"कशाची म्हणलास?"

"वाइन, आई. दारू नव्हं ती."

"मग प्यायल्यावर काय व्हतं?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी चंद्राकडे पाहिले. विषय तिथेच संपला.

वसुबारसेचा दिवस हंगामातला सर्वांत मोठा. डोंगरावर एकदम ऊन पडले आणि सगळी फळे एकदम डोळे उघडून बसली. शिवाय त्या बायांचा तो शेवटचा दिवस. धनत्रयोदशीला पहाटे ट्रक येणार होता. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. इथे मला कळले ते असे, की सीताफळ संपायला आणि कारखाने पेटायला एकच गाठ पडते. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. ती उचल तोवर खर्चून झालेली असते, आणि पुढे होळीच्या पुढेमागे परत येईपर्यंत ती फेडायची. मग गर काढून चार पैसे जास्त मिळाले म्हणून कुणाचे जाणे राहत नाही.

त्या मुलीची आई खाली मान घालून काम करत होती. मुलगी सहावीत. आजवर आजीजवळ राहून शिकली. आजी आषाढात गेली. वहिनी हातातले फळ उकलत, तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "पोरीला राहू दे हितं. माझ्याजवळ. शाळा बुडंल तिची." आई काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "तिच्या बापाला इचारते." पाचच्या सुमारास बाप आला, दारात उभा राहिला, टोपी काढून डोके खाजवले आणि म्हणाला, "राहू द्या, काकू." पोरीने हे ऐकले. ती फळे निवडत राहिली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला एक चुकीचे फळ चुकीच्या ढिगात टाकताना पाहिले.

साडेसहाला मोठा आवाज झाला आणि सगळे अंधारले. डीपी जळाली. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, डीपी म्हणजे विजेचे रोहित्र. ती जळाली की गावाला चार-सहा दिवस कंदील. पुतण्या मोटरसायकल घेऊन भाड्याचा जनरेटर पाहायला गेला. आम्ही बॅटरीच्या उजेडात बसलो. फ्रीझर उघडायचे नाहीत, एवढे वहिनींनी सर्वांना बजावले. बंद राहिले तर आतला माल दीड-दोन दिवस तग धरतो. पण बाहेर चार पातेली गर ताजा काढलेला, आणि चौदा क्रेट फळे अशी पिकलेली की हात लागताच फुटावीत. पुतण्या अकराला परत आला. दिवाळीच्या दिवसांत जनरेटर कुठला मिळतो!

दादा ओट्यावर बसून म्हणाला, "माल गेला." मग वहिनींना बटव्यातून पैसे मोजताना पाहून म्हणाला, "आता पूर्ण हजेरी कशाची? निम्मा दिवस तर काम बंद."

"माल आपला गेला," वहिनी म्हणाल्या. "त्यांचे हात चालत व्हते की."

दादा उठून आत गेला. तो वाईट माणूस नाही. बँकेत मी अशी पुष्कळ माणसे पाहिली. कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर असला की माणसाला दुसरे काही दिसत नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय म्हटले असते, याचा विचार मी त्या रात्री फार वेळ केला नाही.

वहिनींनी चौदाही क्रेट अंगणात आणवले आणि वस्तीवर निरोप धाडला. माणसे आली. गाठोडी बांधून झालेली, उद्याच्या भाकरी थापून झालेल्या, झोप कुणालाच नव्हती. चार कंदील, पन्नास-साठ माणसे आणि सीताफळे. इतक्या लोकांना एकाच वेळी सीताफळ खाताना मी कधी पाहिले नव्हते. हे फळ खाताना बोलता येत नाही; तोंडात बी असते. बिया थुंकल्याचा टपटप आवाज तेवढा सगळीकडून येत होता. मी सात खाल्ली. सासवडचे नाव काढले नाही.

पहाटे चारला ट्रक आला. कोयते, पत्र्याच्या पेट्या, चुली, कोंबड्या, एक शेळी, आणि मग माणसे. ती मुलगी दप्तर छातीशी धरून वहिनींच्या शेजारी उभी होती. तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा. आईने त्याला वर घेतले तसे त्याने बहिणीकडे हात पसरून जो आकांत मांडला तो काही केल्या थांबेना. आईने थोपटले, बापाने दटावले, मुकादम घाई करू लागला. दिवसभर आई-बाप फडात असताना त्याला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न कुणी तोंडाने काढला नाही. मुलीने दप्तर आधी ट्रकमध्ये टाकले आणि मागून स्वतः चढली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "कारखान्यावर साखरशाळा असली तर जा गं." ट्रकचा तांबडा दिवा घाटाच्या वळणावर दिसेनासा झाला तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

उजाडल्यावर आम्ही शेडमध्ये गेलो. पातेल्यांतला गर तपकिरी पडला होता, त्यावर बारीक फेस धरला होता, आणि एक आंबूस-गोड वास सुटला होता. वहिनींनी झाकण उचलले, वास घेतला आणि मुलाला हाक मारली.

"ये रे. झाली बघ तुझी वाइन."

पुतण्या हसला, मग दादाही हसला. चारही पातेली गांडूळखताच्या खड्ड्यात गेली. गोठलेली पाकिटे पुतण्याने गोणपाटात गुंडाळून टेंपोने अंबाजोगाईला एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे नेऊन ठेवली, ती वाचली.

मी निघालो तेव्हा वहिनींनी एक क्रेट माझ्यापुढे ठेवला. पाल्यात रचलेले तीन थर होते. "पोरीनं काल दुपारीच लावून ठेवलंय तुमच्यासाठी, भावजी. वरचा थर उद्या खायचा, मधला लक्ष्मीपूजनाला, आणि तळचा भाऊबीजेला. आधी दाबून बघायचं नाही, असं सांगितलंय."

सौ.ने क्रेट पाहून प्रथम शंका घेतली, दाबूनही पाहिले. पण वरचा थर दुसऱ्या दिवशी पिकला. मधला लक्ष्मीपूजनाला पिकला. भाऊबीजेच्या सकाळी मी तळचा पाला बाजूला केला. नऊ फळे होती, आणि नऊही बोटाखाली मऊ लागली.