मागील बाकी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार नव्या वहीला कुंकू लावतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो; आणि मग जुनी वही उघडून ‘मागील बाकी’ नव्या पानावर ओढतो. वही नवी, येणे जुनेच! मनाच्या वहीचेही असेच आहे. कोणी केव्हा फसविले, चारचौघांत कोण काय बोलले, ही बाकी आपण वर्षानुवर्षे पुढे ओढीत असतो.

ख्रिस्ताची क्षमा म्हटली की पुष्कळांना वाटते, ही वहीच फाडून टाकण्याची गोष्ट; साधुसंतांना शोभेल, संसारी माणसाला परवडणार नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढून पाहा. तेथे चक्क हिशेब आहे! भावाला क्षमा किती वेळा करावी, सात वेळा का, असे पेत्र विचारतो. येशू म्हणतो, सात नव्हे, सत्तर वेळा सात. हे मी एकदा वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हणजे सर, चारशे एक्याण्णवाव्या वेळी मोकळीक ना?” वर्ग हसला. पण पेत्राचा प्रश्न तरी याहून निराळा कुठे होता?

उत्तरादाखल येशू एक गोष्ट सांगतो. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालांतांचे देणे निघते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली! चाकर पाया पडून मुदत मागतो. राजा सारे कर्जच सोडतो. बाहेर पडताच त्याला एक सोबती भेटतो. त्याच्याकडे याचे शंभर दिनार येणे असते. हा त्याची नरडी धरतो. तोही पाया पडून जवळजवळ त्याच शब्दांत मुदत मागतो. हा त्याला तुरुंगात टाकतो. राजाच्या कानी हे जाते, आणि मिळालेली सूट रद्द होते.

या गोष्टीत मला मोलाचे वाटतात ते शंभर दिनार. ते काही खोटे नव्हते. शंभर दिवस घाम गाळावा तेव्हा ते हाती येत. माझ्या वडिलांच्या वाट्याची जमीन एका चुलत्यांनी दाबली, आणि वडील ते दुःख घेऊनच गेले. ‘झाले गेले, सोडा हो’ असे कोणी म्हणाले की मला राग येतो. येशूची गोष्ट तसे म्हणत नाही. देणे किती होते ते ती नेमके सांगते, आणि मग म्हणते, नरडीवरचा हात काढ.

पण हे कोणाला जमते? जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स यांना दोन लहान मुलांसह मोटारीत जाळून मारण्यात आले. हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ साली भारतात आले आणि बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्यामुळे कोर्टाचे काम थांबले नाही; २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. बाई मात्र निकालासाठी खोळंबल्या नाहीत. मुलीला घेऊन पुढे काही वर्षे त्या त्याच रोग्यांत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिक्षा ठरविणे हे न्यायालयाचे काम. बाकी ओढायची की नाही, हे आपले.

आमचे ते चुलते आता थकले आहेत. यंदा भाऊबीज झाल्यावर भेटायला येऊ का, असे त्यांनी विचारले आहे. मी ‘या’ म्हणून कळविले आहे. जमिनीचा आकडा मला पाठ आहे, आणि तो मी विसरणार नाही. फक्त यंदाच्या पानावर तो ओढायचा नाही, एवढे ठरविले आहे.