पुलगावहून रात्रीचा फोन

कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीचे दिवस होते. हंगामात पुलगावच्या जिनिंगमधला काटा रात्रीपर्यंत चाले. किती क्विंटल कापूस उतरला, किती रुई निघाली, किती गाठी बांधल्या, याची फाइल रोज नागपूरच्या ऑफिसातल्या युनिक्स मशीनवर जावी लागे. ते काम माझ्याकडे होतं. रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव होई, म्हणून फोन तेव्हाच लावायचा, आणि त्यासाठी जागत बसायचं.

हे जागणं मशीननेच करावं, या ध्यासाने मी टेलिक्स हा मोडेमवरून फोन लावणारा प्रोग्राम शिकलो. त्याची स्वतःची स्क्रिप्टभाषा होती, नाव सॉल्ट. लिहायचं थोडकंच: नंबर लाव, ठरावीक अक्षरं येईपर्यंत थांब, आली की नाव दे, पुन्हा थांब, पासवर्ड दे, फाइल सोड, फोन ठेव. सगळी कसोटी त्या थांबण्यात. समोरचं मशीन ‘लॉगिन’ म्हणतं, तेव्हा पहिलं अक्षर कधी कॅपिटल येतं, कधी स्मॉल, कधी लाइनच्या खरखरीत हरवतंच. म्हणून मुरलेले युनिक्सवाले पूर्ण शब्दाची वाट पाहत नाहीत. पहिलं अक्षर सोडून नुसत्या ‘ऑगिन’ची पाहतात. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामागे किती जणांच्या रात्री गेल्या असतील!

प्रत्येक थांबण्याला सेकंदांची मुदतही हवी. ती संपली की फोन ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा लावायचा. नाहीतर अर्धवट लागलेला फोन पहाटेपर्यंत बिल चढवत राहतो.

फाइल झेडमोडेम या प्रोटोकॉलने जाई. जुन्या एक्समोडेममध्ये लाइन तुटली की सगळं पहिल्यापासून. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये रचलेला झेडमोडेम मात्र तुटलं तिथून पुढे सुरू करी. वीज कधीही जाणाऱ्या आमच्यासारख्या गावांना या माणसाने केवढा आधार दिला!

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देईना. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिलेला. ऑफिसात येणारा कुणीही तो वाचू शकला असता. म्हणून मी नागपूरकरांकडे वेगळं खातं मागितलं: त्यातून एकाच फोल्डरमध्ये फाइल टाकता यावी, बाकी काही उघडता येऊ नये, खोडता येऊ नये. त्यांनी ते करून दिलं, आणि त्यानंतरच मी स्क्रिप्ट रोजच्या कामाला लावली.